उकळलेलं ताक

२४ जानेवारी १९८३

रजेवरून परत. संतापात लिहिलेलं नंतर वाचवत नाही, म्हणून आज नुसता क्रम.

१. आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना मी दह्याच्या जिवाणूंचं ताजं ताक आणि भिजवलेला गव्हाचा कोंडा देत होते. जिवाणू पिल्लांच्या आतड्यासाठी, कोंडा त्या जिवाणूंना खायला. डाव्या गाळ्याला ताक-कोंडा, उजव्याला नेहमीचं खाद्य.
२. मी जाईपर्यंत उजव्यात हगवण होती, डाव्यात नव्हती.
३. रजेवर नेसरीला घरी जाताना केंद्रप्रमुख देसाई साहेबांना सांगितलं, ताक गरम करायचं नाही. ‘बरं’ म्हणाले.
४. मी गेल्यावर त्यांनीच हुकूम दिला, पिल्लांपुढं जाईल ते सगळं उकळून.
५. ताक हॉटेलच्या खरकट्याबरोबर कढईत गेलं.
६. डाव्या गाळ्यात हगवण. तीन पिल्लं मेली.
७. साहेबांनी वर अहवाल धाडला: ताक निरुपयोगी, प्रयोग बंद करावा. प्रयोग करणारी म्हणून माझं नाव. उकळल्याचा शब्द नाही.

२५ जानेवारी

कढईवर शांताक्का असते. रोजंदारीवर, माझ्या आईच्या वयाची. तिला विचारलं. काही लपवलं नाही. उलट कौतुकाची वाट पाहत होती.

“साहेब म्हणलं उकळून घाल. मला बी पटलं. एवढ्या थंडीत आपुन आपल्या लेकराला गार ताक पाजतो व्हय? कढी केली. चिमूटभर हळद बी टाकली की.”

कढी. हळद घालून.

तिला समजावलं की ताकात जिवंत जीव असतात, त्यांच्यासाठीच सगळा खटाटोप. उकळलं की मेले.  ती म्हणाली, “म्हंजे मी मढी वाढली त्यास्नी.” तिच्यावर राग धरता येईना. थंडीत ताकाची कढी आमच्याही घरी होते.

२७ जाने.

साहेबांच्या केबिनमध्ये. खरकटं उकळलंच पाहिजे, बाहेरचा रोग आत यायला नको. हा नियम बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, असं आधीच सांगितलं. पण ताक खरकटं नव्हे. ते मी प्रयोगशाळेत निर्जंतुक दुधात लावते.

“अहो, ताक ते ताक. गार काय नि गरम काय.”

मी म्हटलं, मग विरजणही उकळून लावून बघा घरी. दही लागतं का ते कळेल. ते हसले. ‘तुम्ही पोरी फार शिकता’ असं काहीतरी म्हणाले आणि फोन उचलला. फोन वाजला नव्हता.

३० जाने.

नेसरीचं लिहायचं राहून गेलं होतं. पाहुणे बघायला आले होते. दादांनी आधीच सांगून ठेवलेलं, मुलगी दूध खात्यात आहे. मुलाच्या मामांनी विचारलं, कुठली डेअरी? मी सांगितलं, डुकरं. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. दादा अजून बोलत नाहीत.

दोन्हीकडं खरं सांगितलं की असंच होतं, असं वाटायला लागलंय. वाटू देऊ नये.

३ फेब्रुवारी

शिल्लक ताकाचे दोन भाग केले. एक तसाच, एक शां. च्या कढईइतका उकळून. दोन्ही काचेच्या बशांत वाढवले. न उकळलेल्याची बशी जिवाणूंच्या ठिपक्यांनी भरली. उकळलेली कोरी. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

दोन्ही बशा साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. जेवणाचा डबा उघडत होते. “उचला, वास येतोय.” कोऱ्या बशीला कसला वास? पण पाहिलंच नाही त्यांनी.



७ फेब्रु.

आज त्यांनीच बोलावलं. आवाज मऊ. अहवालात दुरुस्ती करू म्हणाले. ‘मजुराच्या चुकीमुळे ताक तापवले गेले’ एवढं एक वाक्य. माझं नाव सुटेल, प्रयोगही पुन्हा सुरू होईल. “मग झालं ना तुमच्या मनासारखं?”

शांताक्काचं काय, विचारलं. रोजंदारीची बाई, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं, असं म्हणाले. सही तेवढी माझी हवी.

चांदी नावाच्या डुकरिणीचं वेत १६ तारखेला तोडायचं आहे. सगळी पिल्लं धडधाकट. ताक मिळालं नाही तर हगवण लागणार, हे मला माहीत आहे. साहेबांनाही. म्हणूनच आज बोलावलं.

 

८ फेब्रु.

शां. ला सगळं सांगितलं. तिच्या नावावरचा सौदा तिच्यामागं करणं बरं नव्हे. वाटलं रडेल. कमरेला पदर खोचून कढई घासत होती, घासतच राहिली.

“माझं नाव घाल की. उकळलं मीच. पर कुणी सांगितलं ते बी लिव्ह. निम्मं लिवायचं न्हाय.”

काम गेलं तर, म्हटलं.

“गेलं तर गेलं. पर मी पिल्लं मारली म्हनून जायाचं न्हाय मला. सांगितल्यालं केलं म्हनून जाईन.” मग माझ्याकडं बघून, “आनि तू गं? तुझं बी जाईल की.”

 जाईल, हे खरं आहे. दादांना आनंद होईल, हेही.

९ फेब्रु.

पत्र केलं. एक प्रत साहेबांना हाती, एक वरच्या कार्यालयाला रजिस्टरनं. सोबत बशांचा निकाल. साहेबांनी प्रत वाचली, घडी घालून खिशात ठेवली.  शांताक्काला आज कामावर घेतलं. उद्याचं ठाऊक नाही.

शेवटचा मजकूर इथं उतरवून ठेवते:

‘ताक उकळण्याचा आदेश केंद्रप्रमुखांचा होता. शांताबाईंनी तो पाळला. अहवालात हे दोन्ही नोंदवावे, अन्यथा माझे नाव त्यातून काढावे. पुढील पिल्ले १६ तारखेला तोडायची असल्याने त्यांना न उकळलेले ताक देण्यास परवानगी आहे किंवा नाही, हे १४ फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावे.’