पारावरचा कोला

डाकार, ६ एप्रिल १९८६

चि. मासांबा यास,
आत्या बिनेताचे अ. आ.

पारावर लेकीच्या बारशाचा कोला, त्या कडू बिया, घेऊन आलास आणि माझ्या हातचा मासे-भात न खाताच थिएसची गाडी पकडलीस. एवढी कसली घाई, साहेब? लेक झाली म्हणून बाप असा लाजतो होय! अलासानकाकांनी, पाराचे मुख्य असून, स्वतः उठून सगळ्या म्हाताऱ्यांना कोला दिला. चघळत चघळत सगळे तुझ्या लेकीला दुआ देत होते.

काल मात्र दोन माणसं दोरी घेऊन आली आणि सावरीच्या झाडाला चुना फासून गेली. म्हणे, झाड पाडून इथं मोटारी उभ्या करायच्या, आणि म्हाताऱ्यांनी कोला घेऊन होकार दिलाय! मी म्हटलं, मेल्यांनो, तो कोला बारशाचा! आमची लग्नं, भांडणं, मयताचे निरोप, सगळं ह्या झाडाखाली होतं. तुझ्याच नकाशांच्या ऑफिसातली आहेत ना ही माणसं? चांगले कान उपट त्यांचे.

सूनबाई बाळंतीण आहे, तिला जप.

तुझी,
आत्या


थिएस, ११ एप्रिल १९८६

ती. आत्यास,
मासांबाचा सलाम वि. वि.

कान माझेच उपटायला हवेत. त्या मोटारतळाचा नकाशा मीच काढलाय. साहेब म्हणाले, पार तुमचाच आहे, म्हाताऱ्यांची संमती तुम्हीच आणा. मी तेच सांगायला आलो होतो. पण कोला पुढे केला आणि अलासान आजोबा माझ्या लेकीसाठी दुआ मागायला लागले. झाडाचं मी काढलंच नाही. मी तसाच परत आलो.

पारावर ज्यानं कोला घेतला त्यानं शब्द दिला, हे मी लहानपणापासून ऐकतोय. ऑफिसात तेवढंच सांगितलं. कोला कशाचा, ते गिळलं. आत्या, मला माझी लाज वाटते. लेकीला उचलून घ्यायचाही धीर होत नाही.

आज साहेबांना लेखी कळवलंय, की संमती खोटी आहे. ते स्वतः विचारायला येतील. आजोबांना म्हणावं, खरं तेच सांगा, पोरानं आम्हाला काही सांगितलं नव्हतं. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. पार वाचेल.

तुझा,
मासांबा


डाकार, १६ एप्रिल १९८६

चि. मासांबा यास,
अ. आ.

तुझं पत्र मी अलासानकाकांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, म्हणून वाटलं, कळलं सगळं.

काल तुझे साहेब आले. पारावर सगळी वस्ती जमली होती. त्यांनी विचारलं, मासांबानं तुम्हाला झाडाचं सांगितलं होतं का? काका म्हणाले, सांगितलं होतं. आम्ही ऐकलं आणि कोला घेतला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी ओरडले, तर मला म्हणाले, बिनेता, गप्प बस.

साहेब गेल्यावर मी खूप भांडले. काका म्हणाले, झाड गेलं तर उन्हात बसू. पण आपलं पोर खोटं बोललं, हे परक्याला लिहून नेऊ द्यायचं? चुकलं असेल तर आपण बघून घेऊ, आपल्या घरात.

तेव्हा तुझी नोकरी शाबूत आहे. सोमवारी झाड पाडणार आहेत.

मी तुझ्यावर फार चिडलेय, हे लपवत नाही. तरी रविवारी सूनबाईला आणि लेकीला घेऊन ये. म्हाताऱ्यांना तिला एकदा त्या सावलीत मांडीवर घ्यायचंय. तुला कोणी एक शब्द विचारणार नाही. तेच तुला सोसायचं नाही, ठाऊक आहे मला. पण ये.

लोभ आहेच, कमी करून पाहिला, होत नाही.

तुझी,
आत्या