सांगणारीला काही होत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

तारीख मिळाली. वीस नोव्हेंबर, गुरुवार.

वलूच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. उन्हाळ्यात वेताळ टेकडी चढताना ती मधेच दगडावर बसली, तेव्हा तिचा बाबा सलिल म्हणाला होता, "आजकालची पिढी!" आणि आम्ही तिघंही हसलो होतो. आता छाती उघडून झडप दुरुस्त करायची आहे.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. मग विचारलं, "काही शंका?" माझी सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, "नंतर बोट नेकचा ड्रेस घालता येईल ना?" डॉक्टर हसले. सलिल हसला. मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

भीती वाटते हे कोणाला सांगू? सलिलकडे विषय काढला की तो हॉस्पिटलच्या पार्किंगबद्दल बोलतो. म्हणून ही शाळेतून मिळालेली कोरी डायरी. इतिहासाच्या बाईंना दरवर्षी एक मिळते, दरवर्षी रद्दीत जाते.

५ नोव्हेंबर, बुधवार

आप्पांचा फोन. "हेमा, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव केसेस उत्तम होतात. शास्त्रावर विश्वास ठेव. देवाला मधे आणू नकोस."

आप्पा, तुमच्या घरात देव होता कुठे मधे आणायला? ना देव्हारा, ना उपास, ना नवस. लहानपणी मला याचा केवढा अभिमान होता! आता कोणापुढे हात जोडायचे तेच माहीत नाही.

आणि माझ्याकडे शंभर मुली नाहीत. एक आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

वलू दिवसभर लोळून तिची ती राजवाड्याची पुस्तकं वाचते. इंग्रजी, पाच भाग, प्रत्येक मुखपृष्ठावर घेरदार झगा. आज पहिला भाग पळवला, काय आहे ते तरी बघू म्हणून.

जग बुडालं आहे. उरलेली माणसं डोंगरांवर, एका राजाच्या हुकमाखाली. पाणी मापून मिळतं. नायिका नळदुरुस्ती करते. राजवाड्याचा नळ फुटतो, हिला बोलावतात, राजपुत्र बादली धरून उभा राहतो आणि झालं, पडला प्रेमात! बंडखोर मधून मधून हल्ला करतात, पण कोणाचा अंबाडा सुटत नाही. या राज्यात महसूल कोण गोळा करतं, सैन्याला पगार कोण देतं, काही पत्ता नाही. आया मात्र पटापट मरतात. हिची पहिल्या प्रकरणातच गेली, तापाने, दोन ओळींत.

दुपारी हातात घेतलं. कुकर लावायचा राहिला.

९ नोव्हेंबर, रविवार

वलूने पकडलंच. "आई! तू?"

म्हटलं, इतका भंपकपणा तुला आवडतो कसा? ती उशीला टेकून म्हणाली, "अगं, जग ऑलरेडी संपलेलं असतं ना, म्हणून रिलॅक्स वाटतं. सगळ्यात वाईट ते पहिल्या पानाच्या आधीच होऊन गेलंय. आता फक्त कोणता ड्रेस घालायचा एवढंच टेन्शन."

आत जाऊन सिंक घासलं. स्वच्छच होतं. बाहेर बंडखोर दार फोडताहेत आणि ती पोरगी आरशासमोर विचारते, निळा की हिरवा. काल मला हे मूर्खपणाचं वाटलं होतं. डॉक्टरांसमोरही वाटलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरा भाग. बंडखोर राजवाड्यात शिरले, नायिका जिन्याखाली अडकली, आणि मी पुस्तक धाडकन मिटलं. या वयात! वलू म्हणाली, "चिल, आई. तिला काही होत नाही. तीच सांगतेय ना स्टोरी? ती मेली तर सांगणार कोण?"

खरंच की. सांगणारीला काही होत नाही. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आप्पांच्या अठ्ठ्याण्णवपेक्षा हे बरं. यात शंभर टक्के आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नायिकेची मैत्रीण मेली.

दुसऱ्या भागाच्या शेवटी. हसरी, बडबडी, सगळ्यांची लाडकी. तिचं प्रत्येक बोलणं नायिकेने हौसेने लिहिलेलं होतं. मागची पानं चाळली तर कळलं, तिथेच ठरलं होतं. इतक्या प्रेमाने जिच्याबद्दल लिहितात, ती जाते.

मग ही डायरी काढली. बोट नेक. "आई! तू?" "चिल, आई."

सांगणारी मी आहे. आणि वलू ती मैत्रीण आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वलूबद्दल काही लिहिणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हा निव्वळ वेडेपणा आहे, मला कळतं. आठवीच्या मुलांना मी अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. पण भीतीला बसायला काहीतरी पाट लागतो. इतरांच्या घरी देव्हाऱ्यासमोर असतो, आमच्याकडे नाही, तर ती या झग्यांच्या पुस्तकांवर येऊन बसली.

पाचव्या भागाचं शेवटचं पान उघडून बघावंसं वाटलं. धीर झाला नाही. तो भाग तिने राखून ठेवलाय, "घरी आल्यावर वाचणार" म्हणून. पुस्तक होतं तसं उलटं ठेवून दिलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टँकर आला नाही म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं. सगळ्यांना पाण्याची काळजी! हेवा वाटला.

सकाळी वलूने विचारलं, "तू घाबरलीयेस का?"

"छे."

"मग दुधाची पिशवी पुस्तकांच्या कपाटात का आहे?"

दोघी हसलो. हसता हसता तिला धाप लागली आणि ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मग अगदी हळू म्हणाली, "मीपण घाबरलेय गं. बाबाला सांगू नकोस."

लिहायचं नव्हतं. लिहिलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यात दाखल. सलिलने बॅगेत नेलकटर भरलंय, तीन टॉवेल, आणि पार्किंगची पावती पाकिटात देवाच्या फोटोसारखी जपून ठेवलीय. मग लक्षात आलं, हा त्याचा पाट. त्याच्यावर उगाच चिडत होते.

चौथा भाग आज संपवला. त्यात मधेच सांगणारी बदलते. नायिका दमते आणि धाकट्या बहिणीला म्हणते, आता तू सांग. पुढचं सगळं धाकटी सांगते. बंड होतं, राजवाडा जळतो, आणि धाकटी धडधाकट बाहेर येते.

म्हणजे बदलता येतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे माझं शेवटचं. मागची पानं स्टेपल करून बंद करतेय. वलू ती उघडणारच, पण निदान उद्याच्या ऑपरेशननंतर उघडेल.

चहा घेऊन सलिल वर आला की डायरी वलूच्या हातात देईन. म्हणेन, पडून कंटाळशील, लिहीत जा. काहीही लिही. आज दोन ओळी तरी लिहीच, माझ्यासमोर. ती म्हणेल, आई, किती फिल्मी आहेस. म्हणू दे.

आता यापुढे सांगणारी ती. मी तिच्या गोष्टीतली आई.

त्या पुस्तकांत आया पहिल्याच प्रकरणात जातात. चालेल.