आधी बारीक, मग जाड

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचे! दादानं गाडीत एवढ्या दोऱ्या कोंबल्या होत्या की मी अख्खा प्रवास गुडघे छातीशी घेऊन केला. वर हाच म्हणतो, खारू, तुझं काय, तू कुठेही मावतेस. खारू म्हणजे मी. लहानपणी झाडावरून खाली यायचंच नाही म्हणून त्यानं ठेवलेलं नाव. आता पोट भरायलाही झाडावरच चढते, तेव्हा नाव बदलायची सोयच उरली नाही.

जागा झकास आहे. हवापालटाला येणाऱ्यांसाठी बांधलेलं जुनं विश्रामगृह, बरीच वर्षं बंद होतं, आता पुन्हा उघडणार आहे. मागच्या बागेत उंचच उंच झाडं. त्यांच्या वाळक्या फांद्या उतरवायच्या, म्हणजे पाहुण्यांच्या डोक्यात पडायला नकोत. मॅनेजर किल्ल्या हातात देऊन शहरात पळाला. आम्हाला मागची खोली मिळाली आहे: दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी, बाहेर ओटा. ओट्यावर बसून चहा प्यायलो. इतकी शांतता की दादाचं भुरकणंसुद्धा गोड वाटलं.

रात्री वहिनीचा फोन. सातवा महिना लागलाय तिला, पण काळजी सगळी दादाची. तेच पालुपद: त्याला झाडावर चढू देऊ नकोस. पूर्वी तोच चढायचा. मग पडला, गुडघ्यात सळई बसली, आणि पुन्हा पडलास तर संपलास असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. मी वहिनीला शब्द दिलाय, माझ्या जिवात जीव आहे तोवर तुझ्या नवऱ्याचे पाय जमिनीवरच राहतील.

४ तारीख, मंगळवार

दोन झाडं झाली. अंग आंबलंय, पण मजा आली.

लोकांना वाटतं आम्ही खोडाला मिठी मारून सरसर वर जातो. हात टेकले! इथल्या झाडांना तीन मजल्यांपर्यंत फांदीच नाही. शिशाच्या छऱ्यांनी भरलेली मुठीएवढी पिशवी असते, तिला बुटाच्या नाडीहून बारीक, गुळगुळीत दोरी बांधलेली. ही फेकदोरी. माणसाहून उंच दांड्यावर भलीमोठी गलोल बसवलेली, तिच्यातून दादा पिशवी सोडतो. पिशवी हव्या त्या बेचक्यावरून पलीकडे जाते आणि दोरी घेऊन खाली येते. मग बारीक दोरीला जाड दोर बांधायचा आणि ओढायचा. जाड दोर फांदीवरून फिरून खाली आला की आम्ही दोघंही त्याला लोंबकळतो, चांगले हिसके देतो. फांदीनं दोघांचं वजन झेललं तर एकटीचं झेलेलच. त्यानंतर मी चढते. दादा रोज न चुकता म्हणतो, आधी बारीक, मग जाड, मग माणूस. ऐकून ऐकून कान किटले.

गाठही आमच्या घरची. दोन वेढ्यांत भागतं, पण बाबा वर एक जादा द्यायचे, दादाही देतो. वरून आवाज पोचत नाही म्हणून खुणा दोरीवरच. एक लांब हिसका, एक छोटा: ठीक आहे, ये.

६ तारीख, गुरुवार

आज मधलं झाड. दादानं त्याचं नाव ठेवलंय म्हातारा. बाकीची झाडं याच्या कमरेला लागतील.

दादाची नेमबाजी आज रुसली. दुपारभर पिशवी कधी आखूड पडे, कधी भलत्याच फांदीत अडके. मी खाली बसून शेरे मारत होते, तो चिडून लाल. शेवटी उजेड संपता संपता एका खालच्याच बेचक्यावर कशीबशी बसली. चढायला वेळ उरला नव्हता. उद्या पुन्हा डोकेफोड नको म्हणून दोरी झाडातच ठेवली, दोन्ही टोकं खोडाला बांधून. सगळेच ठेवतात.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी बघतो तर दोरी खालच्या बेचक्यावर नाहीच. थेट शेंड्याजवळच्या बेचक्यावर! तिथवर गलोलीनंही पिशवी पोचली नसती. दादा खूश, म्हणे वाऱ्यानं सरकली. वाऱ्यानं दोरी खाली येते, वर जात नाही, असं मी म्हटलं. तर म्हणे जास्त डोकं चालवू नकोस.

जाड दोर चढवला, दोघं लोंबकळलो, फांदी हललीसुद्धा नाही. मी वर गेले.

वर साल घासून गुळगुळीत झालीये. दोऱ्यांच्या घासण्यानं चरे पडलेत, बारीक आणि जाड, एकमेकांशेजारी. आम्ही दोर घालतो तेव्हा चरा फांदीच्या पाठीवर पडतो. हे कडेला होते. वर बसून खालचं काही ओढून घेतलं की पडतील तसे. तिथून आमची खिडकी दिसते, माझ्या पांघरुणाची घडीसुद्धा दिसली.

एकही फांदी न कापता खाली आले. दादा म्हणाला, वहिनीची भीती तुला लागलीये. मला असा राग आला की ताट घेऊन एकटी ओट्यावर जेवले. अर्धवट काम टाकून जायची आपली पद्धत नाही, म्हणाला, आणि हट्टानं बारीक दोरी आजही पिशवीसकट झाडातच ठेवली.

८ तारीख, शनिवार

दोरी नाही. खोडाला बांधलेल्या गाठी कापलेल्या नाहीत, सोडवलेल्या आहेत. दोन्ही टोकं वर ओढून घेतलीयेत.

ओट्यावर चहा घेत होतो. अंगणाच्या पार त्या टोकाला थप्प असा आवाज झाला. आमची पिशवी. मागे दोरी, हवेत तिरपी, थेट म्हाताऱ्याच्या शेंड्याकडे. दादा हसला, म्हणे अडकलेली सुटली वाटतं. मी पिशवीची गाठ बघितली. दोनच वेढे. दादा असा बांधत नाही.

हात लावायच्या आत पिशवी फरफटत मागे गेली. दुपारी पुन्हा पडली. थोडी अलीकडे.

९ तारीख, रविवार

दिवसभर पडतेय. आधी लांब, मग आखूड, मग बरोबर मधे. दादा असाच नेम धरतो. आमचं बघून शिकलंय ते, जे काय आहे ते.

संध्याकाळी ओट्याच्या पायरीवर पडली. मला रडूच फुटलं. सामान भरलं. आणि दादा? दादा पायरीवर बसून कौतुकानं बघतोय. म्हणे, फेक बघ, फेक! असा हात माझा कधी बसला नाही. निघू म्हणतो, पण सकाळी, अंधारात गाडी चालवणार नाही. मी खिडकी लावली. कडी ढिली आहे.

१० तारीख, सोमवार

लिहितेय. लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी दादाच्या दुखऱ्या पायाला बारीक दोरी होती. तो झोपलेला. दोन वेढे आणि वर एक जादा. मी किंचाळले. यानंच बांधली असं वाटलं, पण त्यानं आईची शपथ घेतली. मी सुरीनं कापली. कापलेलं टोक खिडकीतून बाहेर गेलं, सावकाश, कुणी गुंडाळी करत असल्यासारखं.

त्याला ढकलत गाडीत बसवलं. फाटकाशी गाडी थांबवून, किल्ली काढून, फाटक उघडायला तो उतरला. आणि वळून म्हणाला, खारू, गुडघा दुखत नाहीये गं. हसत होता. बागेकडे चालायला लागला. लंगडत नव्हता.

मी धावले. म्हाताऱ्याखाली त्याला गाठलं, शर्ट धरला. शर्टाखाली कमरेला जाड दोर. बारीकची पाळी आधीच होऊन गेली होती. मी मूर्ख, पायाकडेच बघत बसले.

त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. मी घट्ट धरले, दोन्ही हातांनी. मीही वर. जमीन सुटली. मग खाली टेकवलं आम्हाला. पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं.

दोघांचं वजन तपासत होतं.

तिसऱ्यांदा असा हिसका दिला की माझे हात सुटले. दादा ओरडला नाही. भर उजेडात गेला, पानांत शिरला —

११ तारीख, मंगळवार

अग्निशमनवाले आले. शिडी अर्ध्यावरच संपली. दुर्बिणीनं बघितलं, कुणी नाही म्हणाले. तुमचं भांडण झालं होतं का, विचारलं. मॅनेजर फोनवर म्हणतो कुठेतरी गेला असेल, येईल.

ते म्हणाले, आमच्या गाडीतून चला. मी नाही म्हटलं. दादाला इथे टाकून कशी जाऊ? त्यानं वाढवलं मला.

वहिनीचे फोन येताहेत. घेत नाही. काय सांगू तिला —

१२ तारीख, बुधवार

झाडाखाली बसलेय. हाका मारून घसा बसला. वर काही हलत नाही.

पिशवी पडली. माझ्या पायाशी. दोरी हातात धरली, दादा असेल म्हणून.

दोन हिसके. दोन्ही सारखे.

दादा नाही. दादा नाही तो. मी ओरडले, दादाचा पहिला लांब असतो, चोरा! —

जीभ झडली का नाही माझी.

बुधवार, नंतर

एक लांब. एक छोटा.

आता कळणारच नाही. तो असला तरी कळणार नाही —

वहिनीचा निरोप आलाय. इतकंच विचारलंय, ह्यांचे पाय जमिनीवर आहेत ना?

वहिनी, मी धरले होते गं. शपथ. हात सुटले.

उठते. फाटकापर्यंत चालत जाईन. कुणालातरी आणीन. कुणी ऐकेल —

उठता येत नाहीये.

घोट्याला गार लागतंय. लिहिताना लक्षच गेलं नाही. नाही — कमरेला बघू आधी — कमरेला —

जाड आहे. एक वेढा. दोन. आणि वर एक जा—