मिशी काढायला नको होती

रिठद, बुधवार, ११ जानेवारी १९५६

आज रिसोडच्या बाजारात डोकं पुसायला टोपी काढली, तिथंच चुकलं.

मानेतल्या गाठींसाठी नागपूरला शिरेतून औषध घेतलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की मळमळेल, तोंड येईल, केस जातील. मळमळ सोसली. केस ताटात पडायला लागले म्हणून परवा न्हाव्याकडून डोकं साफ करून घेतलं, अन् विरळ झालेली मिशीही. मिशी तरी ठेवायची! बाप गेल्यावरच आपल्याकडे मिशी उतरवतात, हे कसं सुचलं नाही?

बाबांच्या जुन्या सोबत्यानं पाहिलं अन् गळ्यात पडून रडायलाच लागला. "कवा गेला रे तुहा बाप? मले निरोप काहून नाही धाडला?" बाबा जिवंत आहेत म्हणालो, तर त्याला पटेना.

घरी सांगावं की नाही? शेवटी सांगितलं. ओसरीवर तूर निवडत बसलेले बाबा आधी हसले.

"नाही कायले म्हटलं? गेला म्हणून सांगून द्याचं."

"काईबी काय बोलता, बाबा!"

"यमानं आयकलं तं बरंच हाय. या घरातलं एक मानूस नेलं समजून वापस जाईन."

अन् पुन्हा तूर निवडायला लागले.

उद्या परत नागपूर, औषधाला. वाटेत कोणी उतरवलेली मिशी पाहून विचारलं तर? बाबा गेले म्हणायला जीभ रेटत नाही. अन् आहेत म्हणायची आता भीती वाटते.