केळखाडीच्या ओट्याची उंची

मी, आदिनाथ ग्यानोबा आकनगिरे, वय वर्षे अडुसष्ट, मूळ राहणार रेणापूर, जिल्हा लातूर, हल्ली मुक्काम तरोडा, नांदेड, बंदर खात्यातला निवृत्त भरतीमापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय अशक्त झाले आहे, डोके मात्र शाबूत आहे. तसा दाखला डॉ. आनंदराज सोनकांबळे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी आमिष दाखवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायला हवे होते ते दुसरेच काही मी सतरा वर्षे टाळले, तेही यातच लिहून ठेवत आहे.

१. माझी पत्नी उज्वला १४ मार्च २०२१ रोजी वारली. आम्हाला पोटचे मूल नाही. मनस्विनी ही आमची मुलगी. ती सात वर्षांची असताना कोर्टाच्या परवानगीने आम्ही तिला दत्तक घेतले. नोंदणी केलेले दत्तकपत्र कपाटात, पासबुकांच्या पिशवीत आहे. रेणापूरला कोणी हा प्रश्न उकरून काढलाच, तर ते कागद दाखवावेत आणि वाद घालत बसू नये.

२. तरोड्याचे राहते घर, त्यातील सर्व चीजवस्तू आणि बँकेतील ठेवी मी मनस्विनीला देतो. यासाठी तिने माझ्याशी बोलले पाहिजे, इथे आले पाहिजे किंवा मला माफ केले पाहिजे, अशी कोणतीही अट नाही. हे वाक्य मी मुद्दाम घालतो आहे. का, ते पाचव्या कलमापासून कळेल.

३. रेणापूर शिवारातील माझ्या वाट्याची तीन एकर जमीन मनस्विनीला. ती जमीन माझा धाकटा भाऊ शिवप्रसाद कसतो. त्याची हयात आहे तोवर त्यालाच कसू द्यावी, अशी मनस्विनीला विनंती आहे, हुकूम नाही. विहिरीचे पाणी मात्र त्याला कधीच तोडू नये. पाण्यावरून माणसाला अडवण्यासारखे पाप नाही.

शिवप्रसाद मला मागच्या उन्हाळ्यात म्हणाला, "दादा, लोकाच्या लेकराला जमीन देऊन काय करायलास तू? लई झालं तुझं पुण्य." त्याचे उत्तर आता सांगतो. शिवा, यात पुण्य कसलेच नाही. ती जमीन मी दान देत नाही. तिचे जे गेले ते मला कधीच भरून देता येणार नाही, हे मला माहीत आहे, आणि तरीही देतो आहे.

४. आमची आई केवळाबाई हिने मरण्याआधी तिचे चांदीचे गोठ मनस्विनीच्या हातात घातले होते. आईने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही. समुद्राकाठच्या गावची ही पोर पहिल्यांदा रेणापूरच्या घरी आली तेव्हा आईने तिला मांडीवर घेऊन विचारले, "इतकं पानी हाय म्हनं तुमच्याकडं, अन् पेता येत न्हाई व्हय गं?" पोर त्या दिवशी सहा महिन्यांनंतर पहिल्यांदा हसली. आई गेल्यावर दहाव्याच्या दिवशी ते गोठ "घरचे आहेत" म्हणून काढून घेण्यात आले. कोणी घेतले ते घेणारीला माहीत आहे. ते परत द्यावेत. एवढा एकच जुना राग मी बरोबर नेतो आहे.

५. आता माझ्या वह्या. लोखंडी पेटीत पंचवीस वह्या आहेत, एका वर्षाची एक. १९८४ पासून मी कोकणात केळखाडी बंदरावर भरतीमापक होतो. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर रोज भरती-ओहोटीचे आकडे वाचायचे आणि नोंदवायचे, हे माझे काम. ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी भांडणे व्हायची तिथला मी, अन् नेमणूक झाली समुद्र मोजायला. पहिली दोन वर्षे नुसती पाने भरली. मग हळूहळू त्या आकड्यांत मला काही दिसू लागले.

लोकांना वाटते, पावसाळ्यात समुद्र चढतो. पावसाळ्यात लाटा उंच असतात हे खरे, पण आपल्या किनाऱ्यावर पाण्याची सरासरी पातळी तेव्हा उतरलेली असते, कारण त्या दिवसांतला वारा पाणी किनाऱ्यापासून ओढून नेतो. हिवाळ्यात दर्या झोपल्यासारखा दिसतो आणि पातळी वीतभर वर असते. त्यातही सगळे हिवाळे सारखे नसतात. ज्या वर्षी वाऱ्याचे मान बिघडते, त्या वर्षी पाणी आणखी चार बोटे वर येते आणि महिनामहिना तिथेच राहते. बंगालच्या उपसागरात वारे बदलले तर पाण्याचा तो फुगवटा श्रीलंकेला वळसा घालून काही आठवड्यांत आमच्या पट्टीपर्यंत पोचतो, हे मला पुढे मनस्विनीने समजावून सांगितले. मला तेव्हा कारण माहीत नव्हते. चार बोटे मात्र माहीत होती. आणि हेही माहीत होते की थंडीत कधीकधी अरबस्तानाकडच्या वाऱ्याने उठलेल्या लांब लाटा वायव्येकडून येतात. इथे झाडाचे पान हलत नाही, आभाळ निरभ्र असते, आणि लाटा येतच राहतात.

६. २००५ साली केळखाडीला बायकांना मासे वाळवण्यासाठी सिमेंटचा ओटा बांधायचे ठरले. ओट्याची उंची ठरवायला साहेबांनी माझ्याकडे पाण्याची पातळी मागितली. मी टिपण लिहून दिले. सरासरी धरू नये, वाईट हिवाळा धरावा, त्यात लाटांची उंची मिळवावी. ओटा नकाशात दाखवला आहे त्यापेक्षा दोन हात वर हवा.

साहेबांनी ते वाचले आणि हसले. "आकनगिरे, तुमच्या रेणापुरात नदीला पाणी नाही आणि तुम्ही मला समुद्र शिकवता? सरासरी द्या, सरासरी."

मी म्हणालो, "साहेब, सरासरीत बुडत नाही कोणी. बुडायचं ते एका दिवशीच बुडतं."

ते म्हणाले, "तुमचा बदलीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे ना?"

एवढेच बोलले. उज्वलाला कोकणातली हवा सोसत नव्हती, तिचा दमा वाढला होता, आणि मी लातूर-नांदेडकडे कुठेही बदली मागितली होती. मी खुर्ची ओढून तिथेच बसलो, दुसरा कागद घेतला, सरासरीचा आकडा लिहिला आणि सही केली. पहिले टिपण फायलीत राहिले नाही. त्याची कार्बन प्रत त्या वर्षीच्या वहीत चिकटवलेली आहे. बदली शेवटपर्यंत झाली नाही. झाली असती तर मी कमी दोषी ठरलो असतो असे नाही.

७. दिनांक २२ जानेवारी २००८, पौष पौर्णिमा. सकाळी पट्टी वाचली तेव्हाच पाणी माझ्या अंदाजापेक्षा वर होते आणि भरती पूर्ण व्हायला तास-दीड तास बाकी होता. लाटा दहा-दहा सेकंदांनी येत होत्या, घाई नसल्यासारख्या. मी वही टाकून ओट्याकडे धावलो.

ओट्यावर सहा बायका होत्या. त्यांत दीपमाला होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. उज्वला आणि ती बहिणींसारख्या. दम्याच्या दिवसांत आमच्या घरचे पाणीसुद्धा दीपमालाच भरायची. तिची पाच वर्षांची मुलगी ओट्याच्या कडेला शिंपले मांडत होती. मी ओरडलो, "उठा, वर चला सगळ्या, पाणी येतंय!"

दीपमाला हसली. "भाऊ, आभाळ बघा की. वादळ कुठाय?"

"वादळ नाहीच आहे, बाई. तरी चला."

मी पोरीला उचलून खांद्यावर घेतले. चौघी माझ्यामागे निघाल्या. दीपमाला आणि आणखी एक म्हातारी वाळत घातलेले मासे गोळा करायला वाकल्या. मी हाक मारली. तिने हात वर करून "आले" अशी खूण केली. मग पाणी ओट्यावर आले. ते फुटले नाही, उसळले नाही, नुसते वर आले, कमरेएवढे झाले आणि परत गेले. ओटा धुतल्यासारखा मोकळा होता.

म्हातारी खडकात सापडली, तिचा पाय मोडला होता पण ती जगली. दीपमाला तिसऱ्या दिवशी मिळाली. ओटा आणखी दोन हात उंच असता, तर ते पाणी तिच्या घोट्यापर्यंत आले असते. मी हे नंतर कित्येकदा मोजले आहे. दरवेळी घोटाच येतो.

८. चौकशी झाली. "नैसर्गिक आपत्ती" असा शेरा पडला. मला विचारले, पातळीचा आकडा तुमचाच का? मी हो म्हणालो. दुसरा आकडा होता हे बोललो नाही. त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पोरीचा काका गरीब होता, घरात पाच तोंडे. तो म्हणाला, "न्या तिला, तुमच्याकडं शिकेल तरी." आम्ही मनस्विनीला घेऊन नांदेडला आलो. पुढची वर्षे मी खासगी क्लासमध्ये गणित शिकवले. फळ्यावर सरासरीचे उदाहरण यायचे तेव्हा ते दुसऱ्या सरांकडे द्यायचो.

उज्वलाला सगळे माहीत होते. ती दरवर्षी म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, दहावी होऊ दे, मग बारावी होऊ दे. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिने माझे मनगट धरून विचारले, "तुम्ही सांगणार का मी सांगू?" मी म्हणालो, "मी सांगतो." ती माझ्या शब्दावर विसंबून गेली. मी तोही पाळला नाही.

९. मनस्विनीने एम.एस्सी.ला भूगोल घेतला आणि विषय निवडला केळखाडीच्या किनाऱ्यावरची पातळी आणि लाटा. तिने वह्या मागितल्या, मी पेटीची किल्ली दिली. कार्बन प्रतीचे ते पान मी काढून घेतले नाही. भित्र्या माणसाला एवढेच धाडस जमले, की पान तिथे राहू दिले.

सप्टेंबरच्या चार तारखेला ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, इथे दोन आकडे आहेत. ओटा कोणत्या आकड्याने बांधला?"

मी म्हणालो, "खालच्या."

"सही कोणाची होती?"

"माझी."

"आईला माहीत होतं?"

"हो."

तिने वही मिटून मेजावर ठेवली, अगदी हळू. दुसऱ्या दिवशी माझ्या आठवड्याभराच्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे लावून ठेवल्या आणि बॅग घेऊन गेली. हल्ली ती केळखाडीला तिच्या आत्याकडे, म्हणजे दीपमालाच्या नणंदेकडे आहे, असे कळते. दिवाळीत एकदा फोन आला. "औषध घेताय ना?" मी हो म्हणालो. मग तिने ठेवला.

१०. वह्या मनस्विनीच्या. तिने जाळल्या तरी चालतील. पण वापरल्या, तर माझे नाव आणि तो आकडा दोन्ही छापावेत, काही लपवू नये. किनाऱ्यावर अजून कितीतरी ओटे, शाळा, घरे सरासरी धरून बांधली जात आहेत. त्यांना निदान हे कळावे.

११. माझ्या अस्थी समुद्रावर नेऊ नयेत. रेणापूरला बांधावर कुठेही मातीत टाकाव्यात. मनस्विनीने विधी केलाच पाहिजे असे नाही. शिवप्रसादने करावा, आणि तिच्याबद्दल त्या दिवशी एकही शब्द काढू नये.

१२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे दिवंगत मित्र शरदचंद्र यांच्या पत्नी श्रीमती प्रमोदिनीताई वसमतकर यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. ताई, एक गोष्ट कायद्यात बसत नाही, तरी लिहितो. मनस्विनी कधी येईल सांगता येत नाही. प्रवास मोठा आहे, ती लातूरला एसटी बदलून येईल, दमलेली असेल. आल्याआल्या तिच्यापुढे कागद ठेवू नका. काही विचारू नका, माझ्याबद्दल चांगले तर मुळीच सांगू नका. दार उघडा आणि आधी तिला जेवू घाला.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांचाही या मिळकतीत कसलाही हितसंबंध नाही.

(सही) आदिनाथ ग्यानोबा आकनगिरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. आनंदराज सोनकांबळे, नांदेड
२. (सही) मल्लेश बंडेवार, औषध विक्रेते, मूळ राहणार देगलूर, हल्ली नांदेड

ठिकाण: नांदेड
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५