मामांचे अकरा ‘यस’

माजलगाव,
मंगळवार

तीर्थस्वरूप बंकटमामा,

तुम्हाला साष्टांग नमस्कार, पण या खेपेला लांबूनच, कारण समोर असते तर आधी नमस्कार केला असता की आधी भांडले असते याचा भरवसा नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? केसरमामींची शुगर उतरली का? म्हैस व्यायली असं ऐकलं, आनंद झाला. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्ही फोन घेतला की स्पीकर लावता आणि सिरसाळ्याच्या बाजारात तुमच्या शेजारी बसलेले चौघंजण मला सल्ले द्यायला लागतात. म्हणून पत्र. एकट्यानं वाचा, आणि बसून वाचा, कारण तुम्ही काय करून बसलात हे नीट कळल्यावर उभं राहवणार नाही. मी तर रविवारपासून सुन्न आहे.

पुण्याला परदेशातल्या शाळांचा मेळावा आहे, तिथं मास्तरांची भरती होते, हे मी तुम्हाला एकट्यालाच सांगितलं होतं. (आईला शिबिराला गेलते असं सांगितलंय. ते तसंच राहू द्या.) आठ वर्षं विनाअनुदानित शाळेत केमिस्ट्री शिकवून मी कंटाळले होते आणि माझा डोळा मस्कतच्या शाळेवर होता. मस्कतहून दिवाळीला घरी येता येतं, आईला बघता येतं. तुम्ही त्रेचाळीस लग्नं जमवलेली (माझं एक सोडून), म्हणून मुलाखतीत कसं वागावं ते तुम्हालाच विचारलं. तुम्ही सांगितलंत की पहिल्या बैठकीत हो म्हणायचं नाही, ताटलीतलं सगळं संपवायचं नाही, आणि पसंत नसेल तर तोंडावर नकार न देता ‘घरी विचारून कळवते’ म्हणायचं. मी ते वहीत लिहून घेतलं. माझी अक्कल कुठं गेली होती कोण जाणे.

मेळावा शनिवारी सुरू व्हायचा होता. पण शुक्रवारी संध्याकाळी मी हॉटेलात नुसती नाव नोंदवायला गेले, तर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई समोर आल्या, माझं नाव वाचलं आणि चहाला बसा म्हणाल्या. या हेलनबाई, मंगोलियातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. मला वाटलं, ओळखपाळख चालली आहे. ती मुलाखत होती! मेळावा उघडायच्या आधीच चांगले मास्तर उचलून न्यायचे, अशी तिथली रीतच आहे म्हणे. बाईंनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, वडील काय करत होते, भाऊ किती, लग्न का म्हणून राहिलं, काही काही विचारलं नाही. तुमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही तर आम्ल आणि अल्कली कसं शिकवता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, हळदीचं पाणी करते, त्यात एकीकडं लिंबू, एकीकडं खायचा चुना. मग जास्वंदीचं सांगितलं, मग पोरांनी गावातल्या सगळ्या बोअरचं पाणी आणून तपासलं तेही सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. मामा, माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलेलं नाही. मी अर्धं बिस्कीट ताटलीत ठेवलं (तुमच्या सांगण्यावरून, आणि ते लई चांगलं होतं), तोवर विसाव्या मिनिटाला बाईंनी नोकरी देऊ केली.

मी हबकले. एवढ्या झटपट तर आपल्याकडं कुणी शेळीसुद्धा विकत घेत नाही. वर त्यांनी सांगितलं की तिथं हिवाळ्यात थंडी शून्याच्या खाली पस्तीस अंशांपर्यंत जाते. आपल्या गावात, दिंद्रुडात, नुसता स्वेटर घातला की लोक तब्येत विचारतात. मी तुमचं वाक्य इंग्रजीत करून म्हटलं, घरी विचारून कळवते. आपल्याकडं त्याचा अर्थ एकच होतो, की विषय संपला, दुसरीकडं बघा. बाईंनी डायरी काढली आणि ‘शनिवार, संध्याकाळी सहा’ असं लिहून घेतलं. त्यांना वाटलं मी खरंच कळवणार आहे! मला वाटलं, उगाच मान राखायला लिहितायत.

शनिवारी अकराला मस्कतची मुलाखत झाली. साहेब मराठी निघाले, मला हायसं वाटलं. त्यांनी गाव विचारलं, बीडमध्ये नेमकं कुठलं ते विचारलं, अण्णा गेले ते कशानं, लग्नाचं बघताय का, लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का, सासरचे पाठवतील का, सगळं विचारलं. केमिस्ट्रीचं काही विचारलं नाही. मी मात्र दोन समोसे पूर्ण खाल्ले, कारण इथं मला हो म्हणायचं होतं. शेवटी साहेब फाईल मिटवून हसले आणि म्हणाले, “कळवतो आम्ही.” मामा, मी मराठी मुलगी आहे. मला लगेच कळलं. खोलीवर आले, फोन बंद केला आणि उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडले.

आता पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सहाला मी गेले नाही, फोन बंद, म्हणून बाईंनी अर्जातल्या घरच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर तुमचा. (आई अनोळखी फोन उचलत नाही, आणि अण्णांनंतर मोठं माणूस म्हणून तुमचंच नाव मी सगळीकडं लिहिते.) रविवारी सकाळी अर्जाला जोडलेले कागद परत घ्यायला गेले, तर बाईंनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली, फळ्यावर ‘नेमणूक झाली’च्या यादीत माझं नाव होतं आणि पंचवीस-तीस अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती. बाई म्हणाल्या, तुमचे मामा फार मोकळे आहेत. दीपमालाला पाठवता का? यस. दोन वर्षांसाठी? यस यस. तिथं फार थंडी असते, चालेल? यस, नो प्रॉब्लेम. त्यांनी मोजले, एकूण अकरा ‘यस’. मग मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, अगं ती इंग्रजी बाई व्हय, मला वाटलं वावरात मोबाईलचा टॉवर बसवणारी कंपनी हाय. मामा, एका टॉवरपायी तुम्ही भाचीला मंगोलियात देऊन टाकलंत!

त्यावर तुमचं पुढचं वाक्य काय, तर शब्द गेलाय, आता मागं घेता येत न्हाई, खानदानाचं नाक हाय. कुणाचं नाक? उणे पस्तीस अंशांत गळून पडणार ते माझं. मी ठणकावून सांगते, हे तुम्हीच निस्तरायचं. बाईंना फोन करून चूक झाली म्हणून सांगा. काय बोलायचं ते इंग्रजी वाक्य मराठी अक्षरांत लिहून सोबत चिठ्ठी जोडली आहे, ती बघून वाचा. शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

केसरमामींना नमस्कार.

तुमची (सध्या रागावलेली) भाची,
दीपमाला

ता. क. पाकिटात चिठ्ठी सापडणार नाही. मी ती घातलेलीच नाही, उगाच शोधू नका.

पुन्हा ता. क. करारावर मी काल दुपारी पुण्याहून निघताना सही केली. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. बाईंनी फळ्यावर माझ्या नावापुढं ‘केमिस्ट्री’ असं लिहिलं होतं, त्याकडं मी बराच वेळ बघत उभी राहिले. आजवर माझ्या नावापुढं वय, उंची आणि शेती किती एवढंच लिहिलेलं मी पाहिलं आहे. सही चांगली आली.

शेवटचा ता. क., आणि पत्र खरं तर एवढ्यासाठीच. आईला तुम्ही सांगा. मी सांगायला गेले आणि ती नुसती गप्प बसली तरी मी जाणार नाही, हे मला माहीत आहे आणि तिलाही. ऑगस्टमध्ये निघायचं आहे, दोन वर्षांत एकदाच येता येईल. पत्र मिळेल त्याच दिवशी दिंद्रुडला तिच्याकडं जा. ती विषय बदलेल, तुम्हाला जेवायला वाढेल, गुडघ्याला तेल गरम करून देईल. सगळं घ्या, पण तिच्या तोंडून ‘जा’ ऐकल्याशिवाय उठू नका. मामा, मला जायचंय.