पालेंकेतले कांदेपोहे

सोमवार, २ मार्च

आज कळलं. दोन कुटुंबं, सहा माणसं, थेट मेक्सिको! कारण काय, तर अश्लेषाने त्या रुचिरला "नीट बघून घ्यावं". इथे सिंगापुरात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये यांच्या घशाखाली कांदेपोहे उतरत नाहीत, माया लोकांचे पिरॅमिड लागतात! आणि टूर आखणार कोण? मी. या दीड खोलीच्या ट्रॅव्हल ऑफिसात दुसरं आहेच कोण!

तिची आई, अरुणाकाकू, फोनवर — "इंजिनिअरिंग सोडलंस ते सोडलंस, हे तरी नीट कर हं बाळा." बाळा! तेवीस वर्षांचा आहे मी.

बुधवार, ४ मार्च

रुचिर येऊन गेला. बँकवाला. पास गळ्यात तसाच, काढला तर स्वतःचं नाव विसरेल. "पालेंकेला दोन तास जास्त नाही होत? दगडच ना शेवटी?"

दगड! जंगलाने हजार वर्षं पोटात ठेवलेलं अख्खं शहर, आणि हा म्हणतो दगड! बोललो तसं तोंडावर. तर हसून म्हणतो, "तू गेलायस का तिथे?"

"नाही."

"मग एवढा तापतोस काय!"

खरं बोलला. म्हणूनच जास्त डोकं फिरलं.

शुक्रवार, ६ मार्च

अश्लेषा नोव्हेनाच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आली. खाली हॉकर सेंटरमध्ये चहा घेतला. म्हणाली, "सगळे दिवस आईबाबा मंडळींचे. एकच दिवस आम्ही दोघं. पालेंके आणि धबधबे. तो छान आख. त्या दिवशी मी त्याला उत्तर देणार आहे."

काय उत्तर? विचारलं नाही. शेपूट घातली. दोन वर्षं हेच चाललंय माझं.

उठताना म्हणाली, "तू असतास तर मजा आली असती." असं बोलतात का माणसाला!

रविवार, ८ मार्च

रुचिरच्या आईचा फोन — "आमच्या रुचिरला गाडी लागते हो. मुक्काम जवळच ठेवा, पुढची सीट सांगा."

पालेंके गावातच हॉटेल मिळत होतं. नाही घेतलं. मुक्काम डोंगरावर सान क्रिस्तोबालला ठेवला — पहाटे चारला व्हॅन, जाताना पाच तास, येताना पाच तास, नुसती वळणं! आणि रुचिरसाहेबांना सगळ्यात मागची सीट. पिशवीत तोंड घालून ओकणाऱ्या माणसाला हो म्हणेल कोण?

मंगळवार, १७ मार्च

इथे संध्याकाळचे सहा, तिकडे पहाटेचे चार. निघाले असतील. दोन प्लेट चिकन राइस खाल्ला!

बुधवार, १८ मार्च

अश्लेषाचा मेसेज —

"त्याला 'नाही' सांगायलाच निघाले होते रे. पण वळणांवर त्याचे इतके हाल झाले! मिसोल-हाच्या धबधब्यापाशी खडकावर बसून त्याचं डोकं धरलं होतं. पांढराफटक पडलेला, आणि मला म्हणतो, तू पुढे जा, अवशेष बघून ये, माझ्यापायी तुझा दिवस वाया नको. पहिल्यांदा आवडला मला. गेलेच नाही पुढे. हो म्हटलं. आईबाबांच्या आधी तुला सांगतेय. फार सुंदर दिवस आखलास."

मी अंगठा पाठवला.